बसवलेला माणूस

मारोतराव खुर्चीवर बसले आणि गिरिधरला वाटलं, आता कुणीतरी त्यांच्या पुढ्यात ताट आणून ठेवील.

तसं वाटावं असं खोलीत काही नव्हतं. पाणीमंडळाच्या कचेरीतली नेहमीचीच खोली. लांब टेबल, त्यावर हिरवी बनात, खिडकीला ओल्या वाळ्याची ताटी, डोक्यावर एक सुस्त पंखा. टेबलाच्या त्या अंगाला मंडळाचे अध्यक्ष भैयाजी, त्यांच्या बाजूला सहायक चिटणीस म्हणून गिरिधर हेडाऊ, आणि समोर, मुलाखतीला बोलावलेले, कोष्टीपुऱ्यातले मारोतराव. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या (कुणी सांगितलं नव्हतं), खुर्ची जशी होती तशीच, टेबलापासून तिरपी, तिच्यावर टेकले. पाठ ताठ. दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे. नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर नाही, छातीवर. ओठ मिटलेले पण दाबलेले नाहीत. आजच्यापुरते ते ओठ जसे काही त्यांचे नव्हतेच. गिरिधरला बसण्याची ही तऱ्हा ठाऊक होती. हाडांत ठाऊक होती. लिहिता लिहिता त्याचा हात थांबला, आणि त्यानं खाली पाहिलं तर टेबलाखाली त्याचे स्वतःचे पायसुद्धा टाचा मिळवून, तसेच ठेवलेले होते.

"मारोतराव, मंडळाबद्दल काही विचारायचं आहे?" भैयाजी म्हणाले.

मारोतरावांनी मान हलवली. नाही.

"पाण्याची काही तक्रार? बोला ना भाई, घरचाच मामला आहे."

पुन्हा मान. शिपायानं पाणी आणलं. मारोतरावांनी पेला उचलला, न थांबता संपवला, जागच्या जागी ठेवला. आणखी हवं का असं शिपाई डोळ्यांनीच विचारत होता, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. मग ते उठले, कुणालाही नमस्कार न करता, मागे न बघता बाहेर गेले.

"अजीब आदमी," भैयाजी हसले. ते गांधीबागेतले कापडवाले. माणूस पारखायचा म्हणजे बोटांत पोत धरून बघायचा, अशी त्यांची नजर. "पण हाच पाहिजे. तो डॉक्टर बोलतो, हेडमास्तर तर बोलायचा थांबत नाही. एक तरी शांत माणूस नको का मंडळात? आणि वरून कोष्टी. उद्या कोणी म्हणायला नको, विणकरांतला कुणी घेतला नाही म्हणून."

पाहिजेत : शहराच्या पाणीमंडळासाठी बिनसरकारी सभासद. नोकर नसावा, निवडून आलेला नसावा. रोजचं काम नाही, पगार नाही. महिन्यातून एकदा येऊन बसावं, कारभारावर नजर ठेवावी, सल्ला द्यावा. ही जाहिरात गिरिधरनंच लिहिली होती, होळीच्या सुमाराला. तेव्हापासून ती त्याच्या डोक्यात फिरत होती आणि फिरता फिरता बदलत होती. पाहिजेत : येऊन बसणारी माणसं. बोलणं आवश्यक नाही. वयाची अट नाही. जिवंत असल्यास हरकत नाही.

तो व्हरांड्यात आला तेव्हा मारोतराव चपला घालत होते. चपला घातल्यावर मात्र त्यांचं तोंड एकदम सुटलं, जसं रोजचं असायचं तसं.

"काय गा गिरिधर, तुह्या त्या पंख्यानं तं काहीच वारा येत नाही. आमच्या मागाखाली बरं रायते."

"काकाजी, आत काहून नाही बोलले तुम्ही?"

मारोतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा शिकून पार वाया गेला. "बसवलेल्या माणसानं बोलाचं असते का?" मग जवळ येऊन, आवाज खाली आणून, खरोखरच माहिती हवी असल्यासारखं त्यांनी विचारलं, "पण कोणाच्या नावानं बसवून राहिले गा मले? ते त्या शेटनं सांगितलंच नाही."

"लोकांच्या."

"मेलेल्या का जित्या?"

मारोतराव उन्हात उतरले, डोक्यावरचा शेला नीट करत फाटकाबाहेर गेले.

बाहेरच्या माणसाला यात काय समजणार. भैयाजींना समजावून सांगायचं म्हटलं तरी कुठून सुरुवात करावी. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोष्टीपुऱ्यात घरोघर मेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, निखाऱ्यावर तुपाचा घास टाकतात. आणि ज्या घरातलं माणूस गेलेलं असेल त्या घरी त्याच्या जागी एक जिवंत माणूस बोलावून पाटावर बसवतात. बापाच्या नावानं एखादा म्हातारा, आईच्या नावानं एखादी बाई. त्याला पितर म्हणतात. वर्षभर तो कुणीही असो, त्या जेवणापुरता तो गेलेला माणूस असतो. घरचे त्याच्याशी त्या माणसासारखे बोलतात, रडतात, घरातल्या गोष्टी सांगतात. त्यानं ऐकायचं. वाढतील ते खायचं, मागायचं नाही, नाही म्हणायचं नाही. आणि बोलायचं नाही. जेवण झालं की उठायचं, निरोप न घेता, मागे न बघता निघून जायचं. मोठा मान असतो त्यात. मारोतराव आयुष्यात तीनचार घरी बसले असतील. म्हणजे मानाच्या जागी कसं बसायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सरकारनं त्यांना मानाची जागा दिली, आणि ते रीतीप्रमाणे बसले. चूक कुणाची म्हणायची? गिरिधरला मधेच वाटलं, चूक कसली, त्या टेबलाशी नेमकं काय चाललंय हे सगळ्यांआधी त्यांनाच कळलं.

आणि गिरिधर हे सगळं बाहेरून बघत नव्हता. तोही बसवलेला माणूस होता. दरवर्षीचा. मारोतरावांच्याच घरी, त्यांच्या विधवा भावजयीचा, रुख्माबाईचा मुलगा केशव याच्या नावानं. केशव आणि तो एका वयाचे, एका पाटीवर लिहिणारे, गल्लीत उभ्या सुताचा ताणा पसरला की त्याच्या खालून वाकून पळणारे. एका उन्हाळ्यात गल्लीचा नळ आटला. वरच्या वस्तीला पाणी जात होतं, गल्लीला नव्हतं. लोक सूत धुवायच्या विहिरीचं पाणी प्यायला लागले आणि हैज्याची साथ आली. केशव सकाळी खेळत होता, दिवेलागणीला नव्हता. शेवटी शेवटी तो पाणी मागत होता, आणि घरात होतं ते विहिरीचंच, म्हणून त्याला ते देत नव्हते. हे रुख्माबाईनं कधी कुणाला सांगितलं नाही, पण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण गल्लीतल्या भिंती बांबूच्या तट्ट्याच्या. पुढच्या आखजीला ती गिरिधरच्या आईकडे, जनाबाईकडे आली आणि म्हणाली, तुहा पोरगा दे मले एका जेवणापुरता. आईनं दिला. निघताना त्याच्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, "बोलू नको बरं बाबू तिथं. काही झालं तरी." "बोललो तं?" "कोणी बोललं नाही आतापावतर," आई म्हणाली, आणि तिचा हात त्याच्या तोंडावर जरा जास्तच वेळ राहिला.

तो दरवर्षी गेला. नागपूर सोडून कॉलेजला जबलपूरला होता तेव्हाही आखजीला आला. त्याला मिसरूड फुटलं त्या वर्षी रुख्माबाईनं वाढता वाढता हात थांबवून त्याच्या ओठांकडे पाहिलं होतं आणि म्हणाली होती, केशव, तू बापावर गेला. त्याचं लग्न झालं तेव्हा म्हणाली, केशव, लगन केलं म्हने तू, बायको चांगली हाय ना, सैपाक येते का तिले. हळूहळू त्याला कळत गेलं की त्याच्या अंगात दुसरा एक माणूस त्याच्याच अन्नावर वाढतोय. दाढी करताना आरशात कधी कधी तो गालाचा एक भाग असा बघायचा, की हा आपला का त्याचा. केशव रागीट झाला असता का? केशवनं पाणीमंडळात नोकरी धरली असती का? रामदासपेठेत दोन खोल्या घेऊन, मोरीतला स्वतःचा नळ सोडून, अंघोळीला बसला असता का? मुलाखत. नाव : केशव. धंदा : काही नाही. शिक्षण : मराठी तिसरी, अर्धी. अनुभव : पाण्याचा आहे. सभासद म्हणून नेमल्यास मंडळासाठी काय करू शकाल? उमेदवार उत्तर देत नाही. उमेदवार टाचा मिळवून बसतो. शेरा : योग्य.

आणि प्रत्येक वर्षी, जेवण संपता संपता, हातावर पाणी घालण्याआधी, रुख्माबाई एकच प्रश्न विचारायची. पाणी पुरते का रे बाबू तिकडं? आणि तो ऐकायचा, आणि गप्प बसायचा, आणि उठून जायचा.

नेमणुकीच्या पत्रावर सही करताना भैयाजींनी पहिल्या सभेची विषयपत्रिकाही पुढे सरकवली. त्यात एकच विषय खरा होता. उन्हाळ्यात कोष्टीपुऱ्याचा संध्याकाळचा नळ बंद ठेवायचा. ते पाणी पश्चिमेच्या नव्या वस्त्यांना, रामदासपेठ आणि त्यापलीकडच्या बंगल्यांना, मोठ्या नळानं द्यायचं.

"सकाळच्या एका वेळेत त्यांचं भागत नाही," गिरिधर म्हणाला. "सूत पाजायला पाणी लागतं. खळ लावायला. उरतं ते प्यायला."

"तू माझा चिटणीस आहे का त्यांचा?" भैयाजी रागावले नव्हते; ते कधीच रागावत नसत. "तुला मत नाही, मला एकच मत आहे. पाच सभासद ठरवतील. त्यातला एक त्यांचा माणूस आहे. तो काही म्हणाला तर थांबू. काहीच बोलला नाही तर लिहू : विणकरांचे सभासद हजर होते. और क्या?"

हजर होते. त्या दोन शब्दांनी एका गल्लीचं पाणी जाणार होतं, आणि हे शब्द गिरिधरलाच लिहायचे होते. पाणी जाऊन कुठे येणार तेही त्याला ठाऊक होतं. त्याच्याच मोरीत, त्याच्याच तोटीतून, आतापेक्षा जाड धारेनं. मारोतरावांना घरी गाठून सांगावं म्हणून तो दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. एकदा सांगितलंही. मारोतराव मागावरून न उठता म्हणाले, "तू कचेरीचा माणूस हायस, तू असं सांगू नको. मानाची जागा हाय. तिथं बसून कुरकुर केली तं लोक काय म्हनतीन, कोष्ट्याले बसता येत नाही म्हनून?" आणि धोटा पुन्हा या हातातून त्या हातात.

आखजीच्या दिवशी सकाळी गोपिकानं, त्याच्या बायकोनं, धुतलेलं धोतर काढून दिलं. "जा," ती म्हणाली, "तुमच्या दुसऱ्या आईकडं जेवून या. घरात पुरणपोळी केली तरी तुम्हाले तिकडचीच गोड." ती अमरावतीची, तिला या सगळ्याची भीती वाटायची आणि ती भीती ती टोमण्यात गुंडाळायची. "आज येताना तरी स्वतः या म्हणजे झालं. मागच्या वर्षी दोन दिवस माह्याशी बोलले नव्हते."

गल्लीत ऊन असं होतं की तट्टे वाजत होते. रस्त्यावर कुणाचातरी ताणा पसरलेला, सणाच्या दिवशीही, खळ सुकून पांढरी. तो त्याच्या खालून वाकून गेला आणि वाकलेला असताना त्याला वाटलं की आपल्या बाजूनं आणखी कुणीतरी वाकून गेलं. आतल्या घरात अंधार, थंड. रुख्माबाईनं दारातच त्याच्या पायांवर पाणी घातलं. पाट, पाटाभोवती रांगोळी, कोपऱ्यात नवी मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर आंबा. पितराला वाढायला घरातला कर्ता पुरुष. म्हणजे मारोतराव, उघड्या अंगानं, हातात पळी. गिरिधर पाटावर बसला आणि नेहमीसारखा हळूहळू आतून रिकामा होत गेला. हे दरवेळी असंच व्हायचं, आधी पाय, मग पोट, मग जीभ. एखादं भाड्याचं घर नवा माणूस येण्याआधी झाडून ठेवतात तसं. पुरणपोळी, वडे, कढी, चिंचोणी. घास तोंडात जायचा आणि चव कुठंतरी लांब, दुसऱ्याच्या तोंडात लागायची.

"केशव," रुख्माबाई समोर बसून सांगत होती, "शेजारच्या वच्छलेले पोरगी झाली. सुताचा भाव पाहाले नको. आन ते नळाचं काय म्हनतेत तुले ठाऊक हाय का, संध्याकाळचा बंद करतेत म्हने. माह्या कानावर आलं. आन तुहे काका पाह्य, पान्याच्या मंडळात बसनार. खुर्चीवर. मी म्हटलं, इचारा ना बाप्पा त्याईले, आमचाच नळ काहून बंद करून राहिले. तं हे म्हनते, बसवलेल्यानं बोलाचं नसते."

"वहिनी, त्याले जेवू द्या," मारोतराव म्हणाले.

"जेवून राहिला ना तो. सांगू नको का मंग? वर्षाचं एकडाव येते." तिनं पुढे वाकून पान पाहिलं, कढी वाढायला सांगितली. मग तिचा आवाज बदलला, दरवर्षी या जागी बदलायचा तसा, खालचा, लाजल्यासारखा. "पाणी पुरते का रे बाबू तिकडं?"

त्याच्या तोंडात चिंचोणीचा आंबट घोट होता. तो गिळला गेला. गिळल्याबरोबर घसा इतका कोरडा पडला की त्यानं असा कोरडेपणा आयुष्यात कधी जाणला नव्हता. त्यात चव होती, लोखंडाची, सूत धुतलेल्या विहिरीची, आणि त्यात ऊन होतं, आणि कुणीतरी भिंतीपलीकडे मागत होतं, आणि कुणी देत नव्हतं. विषयपत्रिका. हजर होते. आईचा हात तोंडावर. तो हात त्याला अगदी खरा लागला, बोटांना हळदीचा वास, आणि त्या हाताच्या मागून, हात बाजूला न सारता, आवाज आला.

"नाही पुरत."

पळी कढईवर वाजली.

"नाही पुरत, माय," तो म्हणाला. आवाज घोगरा होता आणि त्याचाच होता, की नव्हता. त्याला त्या क्षणी शपथेवर सांगता आलं नसतं. त्यानं मान वळवली, पितरानं कधी वळवू नये तशी, आणि मारोतरावांकडे पाहिलं. "काका, ते पाणी नेऊन राहिले. तुम्ही तिथं बसले का बोला. नुसते बसू नका. इथं आम्ही लय बसलो हावो."

मारोतराव दोन पावलं मागे सरले, भिंतीला टेकले. रुख्माबाई मात्र सरली नाही. ती उठली, कोपऱ्यात गेली, घागरीवरचं मडकं आंब्यासकट खाली ठेवलं आणि ती घागरच उचलून आणली. ओंजळ कर, असं तिनं हातानंच सांगितलं. त्यानं केली. ती ओतत गेली, तो पीत गेला. पितराला नको म्हणता येत नाही. पाणी गार होतं, वाळा घातलेलं. कोपरांवरून, छातीवरून, धोतरावरून वाहत होतं. पोट तडस लागून दुखू लागलं, श्वासाला जागा उरली नाही, आणि ती ओतत होती, डोळ्यांत पाणी नाही, फक्त एकसारखी, एका उंचीवरून, न थरथरता. त्याच्या कोरड्या घशाला ते पोचत होतं की आणखी कुणाच्या, कोण जाणे. घागर संपली. तिनं ती उलटी करून हलवली. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबली.

"जा आता," ती म्हणाली. "झालं."

तो उठला. दारापर्यंत गेला. मागे बघायचं नव्हतं. त्यानं बघितलं नाही. पण आत चूल, पाट, दोन माणसं असं सगळं असूनही त्याच्या पाठीला जे लागलं ते रिकाम्या घराचं लागलं.

घरी तो पुष्कळ वेळ मोरीत बसला, तोंडात बोटं घालून. सगळं पाणी पडलं. गोपिका दाराशी उभी राहून विचारत होती काय झालं, काय खाल्लं, आणि तो तिच्याशी बोलला, लगेच बोलला, नीट वाक्यं, तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "आज कसे काय लवकर आले?" त्याला समजलं ती काय विचारते आहे. त्यानं आत चाचपून पाहिलं. जिथं वर्षानुवर्षं कुणीतरी टाचा मिळवून बसलेलं असायचं तिथं कुणी नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पायाचं बोट कापून टाकल्यावर रात्री तिथंच खाज सुटते म्हणतात, तसं काहीतरी वाटलं.

सभेच्या दिवशी मारोतराव सगळ्यांच्या आधी आले. डॉक्टर आले, हेडमास्तर आले, बाकीचे दोघे आले. मारोतरावांनी चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर टेकले. पाठ ताठ, तळवे गुडघ्यांवर, नजर भैयाजींच्या छातीवर. गिरिधरकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. विषय वाचला गेला. डॉक्टर नव्या नळाच्या व्यासाबद्दल बोलले. हेडमास्तर नागरिकांच्या कर्तव्याबद्दल बोलले. भैयाजी म्हणाले, "मग सर्वांची संमती धरतो," आणि गिरिधरनं कागदावर हात टेकला. ह. त्यानं ह लिहिला. टाचा. पंखा. टाचा तशाच मिळवलेल्या होत्या. ज लिहायचा होता.

"थांबा जी," मारोतराव म्हणाले.

ते बोलायला लागले तेव्हा हातांचं काय करावं हे त्यांना कळेना; तळवे गुडघ्यांवरून उचलले, हवेत राहिले, मग टेबलावर आले. "मले बोलता येत नाही. आमच्यात इथं बसून कोणी बोलत नसते. पण मले बोलाले सांगितलं हाय. कोनं सांगितलं ते तुमाले सांगून उपेग नाही." खोलीत कुणीतरी हसलं. "हासा. संध्याकाळचं पाणी गेलं का आमच्या बाया विहिरीवर जातीन. ते विहिरीचं पाणी मी पाह्यलं हाय. माह्या भावाचं लेकरू त्यानं गेलं. मले खुर्ची नको, ते पत्र वापस घ्या. पण आज हावो मी इथं, तं लिहा. मारोतराव आला होता आन नाही म्हनाला. हे लिहा गा, चिटणीस."

तेव्हा त्यांनी गिरिधरकडे पाहिलं. घाबरलेल्या माणसाचे डोळे होते ते; भैयाजींना घाबरलेल्या माणसाचे नव्हेत. मग डॉक्टरांनी विचारलं, कोणती विहीर, कोणता हैजा, आणि कागदावरची नजर काढून पहिल्यांदाच त्या खोलीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. वाद झाला. हेडमास्तर आश्चर्यकारकरीत्या मारोतरावांच्या बाजूनं गेले. विषय चौकशीसाठी पुढे ढकलला. तोवर संध्याकाळचा नळ चालू. जिंकलं असं म्हणण्यासारखं काही नव्हतं. एक उन्हाळा.

"शांत आदमी म्हणाला होतास," जाताना भैयाजी गिरिधरला म्हणाले.

"मी नव्हतो म्हणालो. तुम्ही म्हणालात."

भैयाजींनी त्याच्याकडे पोत बघावा तसं पाहिलं. "तू पण बदललास," ते म्हणाले.

त्यानंतर काही दिवस तो कोष्टीपुऱ्याकडे गेला नाही. गेला तो संध्याकाळी, कामासाठी, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नळाला दाब किती येतो ते बघून यायचं होतं. गल्लीच्या नळावर बायांची दाटी, घागरींवर घागरी, आरडाओरडा, "सरक वं, माहा नंबर हाय", "तुहा नंबर तं काल होता", हशा. धार जोरात नव्हती पण तुटत नव्हती. तो बाजूला उभा राहून ती धार बघत राहिला. रुख्माबाई गर्दीतून पुढे आली, डोक्यावर घागर, हातात बादली. उघड्या डोक्याची, दंडावर घामाचे ओघळ, कुणालातरी शिव्या देत, जोरात. तिची नजर त्याच्यावर पडली.

माय, असं त्याच्या तोंडाशी आलं. कुणाच्या तोंडाशी, ते आता सांगायला कुणी उरलं नव्हतं.

ती थांबली. बादली खाली ठेवली. मग मोकळ्या झालेल्या हातानं तिनं पदर डोक्यावरून ओढला, कपाळाच्या खालपर्यंत, गल्लीत परका पुरुष आल्यावर ओढतात तसा, आणि तोंड बाजूला फिरवून म्हणाली, "थोडं सरका जी साहेब. पाणी भराचं हाय."

तो सरकला. तिनं घागर धारेखाली लावली.